पाठकोऱ्या कागदावरील कविता

कविता आणि यंत्र यांचे नाते आपल्या मराठी रसिकाने कधी मोकळ्या मनाने मान्य केले आहे, असे म्हणवत नाही. कवीच्या हाती बोरू शोभतो, टाक शोभतो, फार तर फाउंटन पेन चालते. परंतु लोखंडी चौकटीपुढे ताठ बसून, दहाही बोटे कळांवर ठेवून, खडखडाट करीत कोणी कविता रचतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणताच आपल्याला आधी कचेरी आठवते आणि मागाहून, आठवलीच तर, कविता. टंकलेखनयंत्र म्हटले की दरखास्त, नोटीस, बदलीचा हुकूम, थकबाकीची फेहरिस्त, ‘सदरहू इसम’ आणि ‘मजकूर अर्जदार’ यांचीच पलटण पुढे उभी राहते. पुढील पृष्ठांचा विषय या कचेरीच्या यंत्रावर कविता लिहिणाऱ्या माणसाचा दिनक्रम हाच असल्यामुळे, वाचकाच्या मनातील या संकोचाची आरंभीच दखल घेणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य ठरते. तो संकोच अगदी निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही.

‘टाइपरायटरवरचा कवी’ म्हणून जी एक आकृती अलीकडे परिचित झाली आहे, ती मूळची आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतील आणि युरोपातील शहरांत भर चौकात वा बाजाराच्या दिवशी लहानसे मेज मांडून, त्यावर जुने सुटसुटीत यंत्र ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याकडून एखादा शब्द मागून घ्यावा आणि त्याच्या देखत त्या शब्दावर चार-दहा ओळी उमटवून कागद त्याच्या हाती द्यावा, मोबदला ज्याने त्याने आपल्या खुशीने द्यावा, असा हा व्यवसाय आहे. ऐकणाऱ्याला त्याची मौज वाटते. पण मुंबईकराला त्यात अपूर्व असे काही वाटू नये. जनरल पोस्ट ऑफिससमोर पत्रलेखक बसत, अक्षरओळख नसलेल्या परगावच्या मजुराचे सुखदुःख ऐकून घेत, त्याच्या वतीने त्याच्या बायकोस ‘अत्र कुशलं तत्रास्तु’पासून मनीऑर्डरीच्या रकमेपर्यंत सारे लिहीत, आणि कोर्टांच्या बाहेर, पिंपळाच्या वा ताडपत्रीच्या सावलीत, टंकलेखक बसत. अनोळखी माणसाने यावे, आपला विषय सांगावा आणि यंत्रापुढील माणसाने तो शब्दांत बसवून द्यावा, हा व्यवहार इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फरक इतकाच, की तिथला ग्राहक विषय देतो आणि शब्द कवीवर सोडतो. इथे विषय गिऱ्हाइकाचा असला तरी शब्द कायद्याने आधीच ठरवून ठेवलेले असतात. ‘मी खाली सही करणार, वय अमुक, धंदा अमुक, राहणार अमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ ह्या चौकटीबाहेर टंकलेखकाला पाऊल टाकता येत नाही. दिवसभर दुसऱ्याचा मजकूर, दुसऱ्याच्या भाषेत, तिसऱ्याच्या नमुन्याप्रमाणे उतरवून देणाऱ्या ह्या माणसाला रात्री स्वतःची ओळ सुचते तेव्हा काय घडते, हाच माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे.

ह्या माणसासाठी मी मानखुर्द हे ठिकाण निवडले, त्याला कारण आहे. साहित्याच्या नकाशावर गिरगाव, दादर, पार्ले ही नावे ठळक छापलेली असतात. मानखुर्दचे नाव तेथे शोधावे लागते. १९२५ च्या ३ फेब्रुवारीस व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. कालांतराने कुर्ल्याहून पूर्वेस वळलेला फाटा चेंबूर, गोवंडी अशी स्थानके घेत मानखुर्दला येऊन थांबला, आणि १९९२ मध्ये खाडी ओलांडून तो वाशीस जाईपर्यंत मानखुर्द हेच ह्या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. महानगराच्या शेवटच्या स्थानकाच्या नशिबी जे येते ते इथेही आले. शहराला जे जवळ नको, त्याची रवानगी इकडे झाली. कचरा शेजारच्या देवनारला आला. निराधार किंवा गुन्हेगार ठरलेली मुले चिल्ड्रन्स एड सोसायटीच्या इथल्या गृहात आली. पुढे रेल्वेच्या रुळांलगतच्या झोपड्या हलवण्यात आल्या तेव्हा त्यांतील कित्येक कुटुंबे लल्लूभाई कंपाउंडातील इमारतींत आणून बसवण्यात आली. आणि ह्या प्रत्येक येण्यामागे कागद होता. झोपडी १ जानेवारी १९९५ पूर्वीची आहे की नाही, आणि ती मुदत पुढे ढकलली गेल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीची आहे की नाही, ह्या एका प्रश्नावर डोक्यावरचे छप्पर अवलंबून असलेल्या वस्तीत शिधापत्रिका, रहिवासाचा दाखला, विजेचे बिल आणि प्रतिज्ञापत्र यांना देव्हाऱ्यातील मूर्तींइतकी किंमत असते. जिथे माणसाला आपण अस्तित्वात असल्याचे पुन्हा पुन्हा लेखी कळवावे लागते, तिथे टंकलेखकाला कामाची ददात पडत नाही.

शिवाय ह्या परिसराशी यंत्राचा दुसराही एक संबंध आहे. ज्या गोदरेज अँड बॉइस कंपनीचा विस्तीर्ण कारखाना उत्तरेस विक्रोळीला आहे, तिनेच १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र तयार केले, आणि स्वतंत्र व उद्योगसंपन्न भारताचे प्रतीक म्हणून पंडित नेहरूंनी त्याचा गौरव केला. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि सरकारी दप्तर मराठीत चालायचे तर मराठी टंकलेखक हजारोंच्या संख्येने हवेत, ही गोष्ट उघड झाली. स्टेशनाजवळच्या कुठल्याशा इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ‘टायपिंग इन्स्टिट्यूट’ची पाटी लागली नाही असे उपनगर मग उरले नाही. मराठी मिनिटास तीस शब्द आणि इंग्रजी चाळीस, ह्या दोन आकड्यांनी मध्यम व कनिष्ठ वर्गातील किती मुलामुलींचे संसार उभे केले, त्याची मोजदाद कोणी करावयाची! कवी होण्यासाठी ह्या संस्थांत कोणी नाव घातले नाही, हे सांगावयास नकोच. तेथे गेलेल्यांपैकी जो कवी निघाला तो चुकून निघाला, आणि बहुधा घरच्यांच्या नाराजीस पात्र झाला.

आता यंत्राकडे वळतो. कारण ह्या कवीचा सहवास रसिकांपेक्षा त्याच्याशीच अधिक असतो. टंकलेखनयंत्राची मूळ कल्पना रोमन लिपीसाठी. १८७४ मध्ये अमेरिकेत रेमिंग्टनच्या कारखान्यातून ते विक्रीस बाहेर पडले तेव्हा सव्वीस अक्षरे आणि काही चिन्हे इतकाच त्याचा प्रपंच होता. देवनागरीचा संसार किती मोठा! व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार, जोडाक्षरे; हे सारे त्याच चाळीस-पंचेचाळीस कळांत बसवावयाचे. ते कसे बसवले, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. भ, ध, थ, श, ण यांसारखी कितीतरी अक्षरे ह्या यंत्रावर अखंड सापडत नाहीत. आधी अर्धे अक्षर उमटवावे आणि मग त्याला कान्याची कळ मारून दंड द्यावा, तेव्हा ते पूर्ण होते. मात्रा आणि उकार यांच्या कळा अशा, की त्या दाबल्या तरी कॅरेज जागचे हलत नाही. खूण जागच्या जागी वर किंवा खाली उमटते. आणि ह्रस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे छापावयाची असल्यामुळे ती अक्षराच्या आधी मारावी लागते. ‘किनारा’ लिहावयाचा तर यंत्रावर प्रथम वेलांटी येते, मग क. तोंडाने जे दुसऱ्याने उच्चारावयाचे ते बोटाने पहिल्याने करावयाचे, असा हा उलटा क्रम आहे.

लेखणीने लिहिणारा कवी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर रेंगाळू शकतो. क काढून ठेवून पुढे काना द्यावा की वेलांटी, याचा विचार तो टाक हवेत धरून करू शकतो. टंकलेखकाला ती मुभा नाही. ‘किनारा’ की ‘काठ’ याचा निकाल पहिली कळ दाबण्यापूर्वी लागलेला असला पाहिजे. कारण वेलांटी एकदा कागदावर उतरली की तिला कोणते ना कोणते अक्षर द्यावेच लागते, नाहीतर ती अनाथासारखी ओळीत उभी राहते. म्हणून ह्या जातीचे कवी यंत्रापुढे बराच काळ काहीच न करता बसलेले दिसतात आणि मग एकाएकी एक संपूर्ण ओळ कडकडाटासरशी उमटवून पुन्हा स्तब्ध होतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही प्रतिभेची लहर वाटते. माझ्या मते तो मसुदा मनात पक्का झाल्याशिवाय कागदास हात न लावण्याचा कारकुनी शिरस्ता आहे, आणि कवितेला तो मानवतो.

घंटीचेही असेच. ओळ उजव्या समासाच्या जवळ आली की यंत्र घंटी देते. दरखास्त लिहिणारा त्या घंटीची वाट पाहतो, चालू शब्द पुरा करतो आणि लिव्हर ओढून दुसऱ्या ओळीवर जातो. त्याची ओळ यंत्र ठरवते. कवी मात्र घंटी होण्यापूर्वीच, कधी दोन शब्दांवर, कधी एकाच शब्दावर, लिव्हर ओढतो. ज्या हाताला दिवसभर घंटीच्या हुकमाने वळण्याची सवय, त्या हाताने घंटीला तोंड उघडू न देता ओळ मोडावी, यात जे स्वातंत्र्य आहे ते अगदी अल्प असेल. पण ते बोटांना प्रत्यक्ष जाणवणारे आहे. अमेरिकन कवी चार्ल्स ओल्सन याने १९५० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते, की संगीतकाराला जशी स्वरलेखनाची रेघोटी असते तशी कवीला टंकलेखनयंत्रामुळे प्रथमच मिळाली. कारण त्यावरील जागा सारख्या मापाच्या असल्यामुळे श्वास कुठे थांबवायचा, शब्द किती दूर ठेवायचा, हे कवी अचूक नोंदवू शकतो. आपल्या अभंगाचा चरण कानाने मोजलेल्या अक्षरांवर चालतो. जोडाक्षर असले तरी ते तिथे एकच. यंत्राच्या हिशेबी त्याच जोडाक्षराला दोन-तीन ठोके पडतात. टंकलेखक कवीला हे दोन्ही हिशेब एकाच वेळी चालवावे लागतात, एक कानात आणि एक बोटांत. आणि ते जुळले नाहीत की तो जोडाक्षरे टाळू लागतो. ह्या वर्गातील कवितेत साधे, सुटे, कमी जोडाक्षरांचे शब्द वारंवार आढळतील, तर त्याचे श्रेय वा अपश्रेय सर्वस्वी काव्यदृष्टीला देण्याची घाई वाचकाने करू नये. थोडे बोटांच्या शिणाकडेही जावे.

दिनक्रम म्हणावा तर तो असा. ही कोणा एका व्यक्तीची चरित्रकथा नव्हे, यंत्रे चालू होती त्या काळी ह्या धंद्यातील माणसाचा दिवस सामान्यतः जसा जाई तसा तो सांगतो. सकाळी हार्बरची गाडी धरून कोणी फोर्टातल्या कचेरीत जातो, कोणी कुर्ल्याच्या कोर्टाबाहेर आपली जागा धरतो, कोणी वस्तीतच जॉब टायपिंगची पाटी लावतो. तेथे मूळ प्रत आणि तीन कार्बन, हिरव्या लेजर पेपरवर दुप्पट अंतर सोडून, असे काम चालते. कळ जरा सौम्य मारली तर तिसरी नक्कल वाचता येत नाही, जोराने मारली तर पूर्णविरामाचे कागदाला भोक पडते. शाई आणि रिबनीचा तंतू साचून ध, ब, व यांची पोटे भरून येतात, आणि ‘वाद’ आहे की ‘बाद’ आहे हे कळेनासे होते; अर्जदाराच्या दृष्टीने हा फरक लहान नसल्यामुळे संध्याकाळी टाचणीने आणि रॉकेलात बुडवलेल्या दातांच्या जुन्या ब्रशाने एकेक अक्षर साफ करावे लागते. चुकलेला कागद फेकून दिला जात नाही. त्याची दुसरी बाजू पाठकोरी असते, आणि घरी नेण्यास तिला कोणाची मनाई नसते. रात्री दहा बाय बाराच्या खोलीत मुले निजल्यावर यंत्राखाली नमदा किंवा घडी घातलेली चादर सरकवून, शेजारच्या भिंतीपलीकडील माणसाची झोपमोड होणार नाही अशा बेताने, ह्या पाठकोऱ्या बाजूवर कविता उतरते. कागद उजेडात धरला तर कवितेच्या ओळींमधून मागच्या प्रतिज्ञापत्राची उलटी अक्षरे दिसतात. प्रतीकांची आवड असणाऱ्यांनी यातून हवे ते काढावे. मला त्यात प्रथम कागदाच्या महागाईचाच पुरावा दिसतो.

ह्या परंपरेला आपल्या वाङ्मयात अगदीच पूर्वज नाहीत असे नाही. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सुरू केले तेव्हा त्यांनी छापखान्याचा रस्ता न धरता सायक्लोस्टाइलचा धरला. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांतील लघु-अनियतकालिकांच्या चळवळीला हे कचेरीतील साधन चांगलेच उपयोगी पडले. मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षर दोन प्रकारे कोरता येई, टोकदार सळईने हाताने किंवा रिबन बाजूस सारून टंकलेखनयंत्राने; मग ते मेणपत्र यंत्राच्या पिंपावर चढवून हँडल फिरवले की ओल्या शाईच्या वासासकट प्रती बाहेर पडत. चुकीच्या अक्षरावर गुलाबी द्रव लावून, फुंकर घालून, वाळल्यावर त्याच जागी नवे अक्षर मारीत. ज्या साधनावर दुपारी परिपत्रक निघाले त्याच साधनावर सायंकाळी प्रस्थापित मासिकांना आव्हान देणारी कविता निघावी, यात त्या काळच्या तरुणांना केवळ सोय दिसली की थोडा खट्याळपणाही, हे सांगणे अवघड आहे. मला तरी दुसऱ्याचा वास येतो. आणि साधनांची ही चैनही ज्यांना नव्हती त्यांचे स्मरण ह्या परिसरात टाळता येत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठ्यांनी जे लिहिले त्यासाठी त्यांना यंत्राची गरज भासली नाही. मानखुर्दमधील एका वस्तीला आज त्यांचे नाव आहे, आणि तेथील माणूस प्रतिज्ञापत्रात आपला पत्ता लिहून देतो तेव्हा मराठीतील एका थोर लेखकाचे नाव टंकलेखकाच्या बोटांखालून नकळत जाते.

यंत्राने सर्जन करणारा आणखी एक मुंबईकर येथे सांगितला पाहिजे, तो कवी नसला तरी. चंद्रकांत भिडे यांना चित्रकलेचे शिक्षण घ्यावयाचे होते; घरच्या परिस्थितीने ते घडले नाही आणि टंकलेखन शिकून ते युनियन बँकेत लागले. वरिष्ठांनी अंतर्गत दूरध्वनीच्या क्रमांकांची यादी टाइप करावयास सांगितली, ती त्यांनी दूरध्वनीच्याच आकारात उतरवली. तेथून पुढे अक्षरे व चिन्हे एकमेकांवर मारून, कमीअधिक दाबाने छाया साधून, त्यांनी गणपतीपासून आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’पर्यंत कितीतरी चित्रे टंकलिखित केली. निवृत्त होताना आपले यंत्र त्यांनी मागून घेतले आणि बँकेने ते एक रुपया किमतीस त्यांना दिले. ह्या हकिकतीतील यादीची गोष्ट मला विशेष बोधप्रद वाटते. हुकूम यादीचा होता. यादी बिनचूक दिली गेली. आकाराबद्दल हुकमात काहीच म्हटले नव्हते. टंकलेखक कवीचे सारे राज्य एवढ्याच मोकळ्या जागेत वसलेले असते.

तथापि ह्या विषयावर लिहिणाऱ्यांकडून एक अतिशयोक्ती हटकून होते, तिजपासून वाचकाला सावध करणे मला अवश्य वाटते. गरिबाच्या अर्जातच खरी कविता असते, प्रतिज्ञापत्र हेच महाकाव्य होय, अशा अर्थाची वाक्ये लिहावयास सोपी आणि ऐकावयास गोड असतात. अर्ज हा अर्ज असतो. तो मंजूर व्हावा यासाठी लिहिला जातो, आणि तो सुंदर असण्यापेक्षा नमुन्याबरहुकूम असणे अर्जदाराच्या हिताचे असते. जो टंकलेखक प्रतिज्ञापत्रात काव्य मिसळील त्याने गिऱ्हाइकाचा घात केला असेच म्हणावे लागेल. उलट पक्षी, कविता टाइप केलेली आहे, वस्तीत राहणाऱ्याने केली आहे, पाठकोऱ्या कागदावर आहे, म्हणून तिला चार गुण अधिक देण्याचेही कारण नाही. न्यूयॉर्कचा कवी फ्रँक ओहारा संग्रहालयातील नोकरी करीत दुपारच्या सुट्टीत कविता लिही आणि त्यांचा संग्रह १९६४ मध्ये निघाला. त्या कविता वाचताना आपण त्याला सुट्टी किती मिनिटांची होती याचा हिशेब मागत नाही. मानखुर्दच्या कवीलाही तोच न्याय लावावा, यात त्याचा मान आहे.

यंत्राचे आयुष्य आता संपल्यासारखे आहे. गोदरेजचे उत्पादन २००९ मध्ये थांबले, परीक्षा संगणकावर गेल्या, रिबन मिळणे दुरापास्त झाले, आणि दुरुस्ती करणारे कारागीर एकेक करून धंदा सोडून गेले. जुनी यंत्रे भंगारात निघतात किंवा उपाहारगृहांच्या दिवाणखान्यात शोभेसाठी जातात. ह्या दुसऱ्या गतीपेक्षा पहिली अधिक सभ्य, असे माझे खाजगी मत आहे. परंतु कविता उतरलेल्या ह्या पाठकोऱ्या कागदांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे निकडीचा झाला आहे, आणि तो निव्वळ संग्रहाचा नसून संपादनाचा आहे. टंकलिखित पानावर कॅरेज हलवणाऱ्या प्रत्येक ठोक्याला सारखीच रुंदी मिळते. म्हणून वरच्या ओळीतील पाचव्या ठोक्याखाली खालच्या ओळीतील पाचवा ठोका बरोबर येतो, आणि काही कवींनी ह्या उभ्या रांगांचा हेतुपुरस्सर उपयोग केलेला असतो. छापखान्याच्या किंवा संगणकाच्या नेहमीच्या टाइपात ही कविता बसवली की अक्षरे आपापल्या रुंदीप्रमाणे सरकतात आणि त्या रांगा मोडतात. वाचकाला ओळी वेड्यावाकड्या तुटल्यासारख्या दिसतात आणि दोष कवीच्या माथी येतो. तसेच खोडलेल्या शब्दाचे. मूळ प्रतीवर एखादे अक्षर वारंवार मारून शब्द झाकलेला असतो, पण कार्बन प्रतीवर तो पुष्कळदा वाचता येतो. कधी मूळ प्रतीवर केलेली दुरुस्ती कार्बनवर करावयाची राहूनच गेलेली असते. अशा वेळी अधिकृत पाठ कोणता मानावयाचा? माझे मत असे की मूळ प्रत प्रमाण धरावी, कार्बनवरील पाठभेद तळटीपेत द्यावा, जागा मोजून जशाच्या तशा ठेवाव्यात, आणि शुद्धलेखन नियमांत बसवण्याच्या मोहात पडू नये. कारण जे चिन्ह कळफलकावरच नव्हते ते कवीने का वापरले नाही, असा जाब त्याला विचारता येत नाही. मागील बाजूचा मजकूर मात्र छापू नये. ते प्रतिज्ञापत्र दुसऱ्या कोणाचे तरी आहे, त्यात त्याचे नाव, वय आणि पत्ता आहे, आणि कवितेच्या पाठीवर ते आले याला त्याची संमती कोणी घेतलेली नाही.